कोकणात राहून लिहायला लागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिहावंसं वाटतं, पण सुचत काहीच नाही. प्रेरणा कुठून आणायची?

‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांची अडचण सुचण्याची नसते, बघण्याची असते. रोज ज्या रस्त्यानं जातो त्याच्या कडेचा गडगा किती उंच आहे, चिऱ्याचा आहे की नुसते दगड रचलेले आहेत, कुठं ढासळलाय आणि तो पुन्हा का उभा केला नाही, हे विचारलं तर उत्तर येत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलात तर बहुतेक वेळा दोन भावांपाशी येऊन थांबता. तिथं कथा असते.

म्हणून वही. शंभर पानी, रेघांची, खिशात किंवा पिशवीत मावेल अशी. रोज तीन ओळी लिहायच्या. पहिलीत डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, विशेषणाशिवाय. दुसरीत कानावर पडलेलं एक वाक्य, जसं बोललं गेलं तसंच. तिसरीत एक आकडा: भाव, वेळ, अंतर, वजन, काहीही. ‘एसटी पाऊण तास उशिरा आली’ चालेल. ‘एसटी नेहमीसारखी उशिरा आली’ चालणार नाही, त्यात काहीच पाहिलेलं नाही.

महिन्याभरात नव्वद ओळी होतात. त्यातल्या ऐंशी फुकट जातात, ते धरूनच चालायचं. उरलेल्या दहांपैकी ज्या दोन एकमेकींशेजारी ठेवल्यावर खटकतात, तिथून सुरुवात करा.

कोकणावर सगळं लिहून झालंय. आता नवीन काय उरलं?

नारळी-पोफळी, निळाशार समुद्र, लाल माती, कौलारू घर, प्रेमळ पण फटकळ म्हातारी, पिंपळावरचं भूत. एवढं मात्र लिहून झालंय, इतकं की पर्यटनाच्या माहितीपत्रकातही सापडतं.

कोकण सुंदर आहे ही बातमी वाचकाला देऊ नका, त्याला ती माहीत आहे. इथली माणसं काम काय करतात ते बघा. हापूसच्या बागेत आठ महिने झोपडी करून राहणारं नेपाळी कुटुंब आणि गावच्या शाळेत मालवणी शिकलेली त्यांची मुलगी. सातबाऱ्यावरची चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत, दोन हयात नाहीत. चिरेखाणीची धूळ शेजारच्या काजूच्या मोहोरावर बसते तेव्हा वाडीत होणारी बैठक. पर्ससीनची मोठी जाळी वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात वाटली गेलेली एकाच आळीतली घरं. वानरांपायी भाजीपाला लावणं सोडून दिलेली वाडी. गणपतीपुरतं उघडणारं घर आणि बाकीचे साडेअकरा महिने त्याची किल्ली सांभाळणारी शेजारीण. या शेजारणीवर कादंबरी होऊ शकते. ती रोज दिवा लावते का, वीजबिल कोण भरतं, आणि एखाद्या वर्षी घरवाले आलेच नाहीत तर ती काय करते?

एखाद्या कामाबद्दल लिहायचंय, पण मी ते केलेलं नाही. मग?

जाऊन बघा. एकदा बघून भागत नाही, तीनदा जा. पहिल्यांदा देखावा दिसतो, दुसऱ्यांदा काम, तिसऱ्यांदा माणसं.

रापण घ्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी. पहिल्या दिवशी तुम्ही लिहाल, ‘लोक एकजुटीनं जाळं ओढत होते.’ दुसऱ्या दिवशी कळेल की होडी जाळं अर्धगोलात टाकत जाते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन रांगा ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात आणि जाळं जवळ आलं की घाई वाढते. तिसऱ्या दिवशी दिसेल की एक म्हातारा दोराला नुसता हात लावून उभा आहे, ओढत नाही, तरी त्याचा वाटा वेगळा काढला जातो. कुणी बोलत नाही. का बोलत नाही हे कुणाला तरी विचारावं लागेल, आणि ते सगळ्यांसमोर विचारायचं नसतं.

प्रश्न विचारताना वही बाहेर काढू नका. घरी येऊन अर्ध्या तासाच्या आत लिहा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर त्यांची वाक्यं तुमच्या भाषेत बदललेली असतात.

मालवणी किती वापरावी? सगळी कथा बोलीत लिहू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सगळी कथा बोलीत लिहिता येते, पण ती बोली घरात बोलत असाल तरच. सुट्टीत ऐकलेल्या बोलीवर चार वाक्यं निभावतात, पाचव्याला पकडले जाता.

नवख्यांसाठी सोपी वाट ही: निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत. संवादातही प्रत्येक शब्दाला बोलीचा मुलामा नको.

‘तो खय गेलो ता माका काय म्हायत?’ हे वाक्य नागपूरच्या वाचकालाही कळतं, कारण ‘खय’ आणि ‘माका’ संदर्भानं उलगडतात. ‘तुका सांगलंय ना, उनात जाव नको म्हणान’ हेही कळतं. पण अशी सात-आठ वाक्यं ओळीनं आली आणि प्रत्येकात दोन अनोळखी नामं असली की बाहेरचा वाचक पान उलटतो. अनोळखी नाम आलं तर त्याच वाक्यात त्या वस्तूचं काम दाखवा. कंसात अर्थ देऊ नका. कथेत कंस आला की निवेदक शिक्षक होतो.

बोली सगळ्यात आधी क्रियापदात, सर्वनामात आणि हाक मारण्यात दिसते. ‘गो’, ‘रे’, ‘मा’ योग्य जागी आले की निम्मं काम झालं. म्हणी आणि शिव्या पेरून बोली येत नाही, नुसता विनोदी नाटकाचा वास येतो.

आता नेहमीची चूक. कोकण म्हणजे मालवणी, असं धरून दापोली-गुहागरच्या माणसाच्या तोंडी मालवणी घातली जाते. मालवणी दक्षिणेकडची, सिंधुदुर्गाची. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरी ऐकू येते, बाणकोट खाडीच्या आसपास बाणकोटी, रायगडात आगरी. कोकणी मुसलमानांची बोली वेगळी, चित्पावनी वेगळी. गाव बदललं की बोली बदलते, आणि एकाच गावात वाडी बदलली तरी बदलते. शिवाय मुंबईत तीस वर्षं काढून परतलेला चाकरमानी तिसरंच काहीतरी बोलतो. पात्राचा गाव ठरवा, वाडी ठरवा, मग त्याचं तोंड उघडा. लिहून झालं की तिथल्याच एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. तो जिथं अडखळेल किंवा हसेल तिथं खूण करा.

संवाद लिहिलेले वाटतात, बोललेले वाटत नाहीत. काय करावं?

दशावतार बघा, आणि राजाच्या वेशाकडे बघायचं सोडून बोलण्याकडे कान द्या. पारंपरिक दशावतारात छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, कथेचे टप्पे ठरतात, बाकीचे संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. समोरच्यानं टाकलेला शब्द उचलून दुसरा उत्तर देतो. नवख्यांच्या संवादात नेमकं हेच नसतं. दोन पात्रं आपापली भाषणं एकाआड एक म्हणून मोकळी होतात.

करून बघण्यासारखा एक उपाय: संवादाचं पान घ्या आणि प्रत्येक तिसरं वाक्य खोडा. बहुतेकदा काही बिघडत नाही. मग बघा, किती वेळा पात्रानं विचारलेल्याचं सरळ उत्तर दिलंय. ‘जेवलास?’ला ‘हो, जेवलो’ हे उत्तर नव्हे, जागा भरणं आहे. ‘जेवलास?’, ‘भाऊ इलो काय?’ इथं काहीतरी चाललंय.

आणि लांब वाक्याची लय शिकायची असेल तर देवळातलं गाऱ्हाणं ऐका. एकेक अडचण, एकेक मागणं चढत जातं, प्रत्येक टप्प्यावर मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात आणि श्वास घ्यायला जागा मिळते. तुमच्या अर्ध्या पानाच्या वाक्यात ‘होय महाराजा’ कुठं म्हणता येईल ते बघा. कुठंच नसेल तर वाक्य तोडा.

निसर्गाच्या तपशिलात कोणत्या चुका होतात?

इतक्या की त्यावर वेगळं पान लिहावं लागेल. पहिली चूक: ‘समुद्रातून चंद्र वर आला.’ आपला समुद्र पश्चिमेला आहे. त्यातून काही वर येत नाही, त्यात सगळं मावळतं. चंद्र डोंगराकडून येतो. दुसरी: बीजेची कोर मध्यरात्री आकाशात. शुक्ल पक्षातली बीजेची कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. कृष्ण पक्षातल्या चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो, संकष्टी करणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही.

भरती-ओहोटीची तर कथाकारांनी पार वाट लावली आहे. खाडी ओलांडण्याचा प्रसंग असेल तर तिथी ठरवा आणि तिला पाऊणनं गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसात दोन भरत्या, रोज पाऊण-एक तास पुढं सरकणाऱ्या. खाडीत आत गेलात तर पाणी आणखी उशिरा चढतं. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता नायिका ‘ओसरलेल्या पाण्यातून चालत पलीकडे’ जात असेल तर ती बुडते. अष्टमीच्या रात्री जाऊ द्या.

हंगामाचंही तसंच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा जुलैत ट्रॉलर भरून सुरमई आणू नका. काजवे मेअखेर, पावसाच्या तोंडाशी. आंब्याचा मोहोर थंडीत. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, आधी रुजवतात, लावणी साधारण जुलैत, कापणी ऑक्टोबरच्या सुमारास. कोकमाचं झाडावर असतं ते फळ रातांबा, साल वाळवली की आमसूल, आणि मालवणी घरात सोलां. ‘आमसुलाच्या झाडाखाली’ असं लिहिणारे लेखक आहेत.

एका कथेसाठी एक कोरा कागद घ्या. वर महिना, तिथी, सूर्यास्ताची वेळ आणि पाण्याची वेळ लिहून भिंतीला चिकटवा. पंचांग घरात असतंच.

रोज किती लिहावं?

तीनशे शब्द. महिन्यातले पंचवीस दिवस धरले तरी साडेसात हजार होतात, म्हणजे दोन कथांचे खर्डे. एका बैठकीत तीन हजार लिहून पंधरा दिवस वही न उघडणाऱ्याचा धागा तुटतो आणि मग ‘प्रेरणा गेली’ अशी तक्रार येते. गणपतीत कुणी लिहीत नाही. तेवढी रजा आधीच धरा.

खर्डा झाला. आता सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दहा दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. उदाहरणादाखल एक खर्डा:

‘सकाळची रम्य वेळ होती. बाजारात खूप गर्दी होती. कोळणी मासे विकण्यात मग्न होत्या. पार्वतीच्या मनात मात्र दुःखाचा सागर उसळला होता. नवऱ्याच्या आठवणीनं तिचे डोळे पाणावले.’

आणि तोच प्रसंग पुन्हा लिहिल्यावर:

‘बाजार भरून तास झाला तरी पार्वतीनं टोपलीवरचं फडकं काढलं नव्हतं. बांगड्याचा वाटा शंभरावरून सत्तरावर आला. शेजारणीनं कोपरानं ढोसलं. “अगो, बर्फ वितळता.” पार्वतीनं फडकं काढलं, वरचाच बांगडा उचलला आणि कल्ला उघडून लाली बघितली. विकणाऱ्यानं असं बघायचं नसतं. तो बघायचा.’

काय गेलं? ‘रम्य’, ‘खूप’, ‘मग्न’, ‘सागर’. समुद्राकाठच्या कथेत दुःखाचा सागर आणणं म्हणजे भाताबरोबर भात. काय आलं? एक न झालेली कृती (फडकं), एक आकडा, एक टोचणी, एक सवय. रडणं गेलं. ‘तो’ कोण हे सांगितलेलं नाही, तरी वाचकाला कळतं आणि तो पुढं वाचतो.

या कामाचा क्रम असा ठेवा: आधी प्रसंग कापा, मग परिच्छेद, मग वाक्यं, शेवटी शब्द. पुष्कळ जण उलटं करतात, म्हणजे पहिल्या परिच्छेदातल्या विशेषणांवर आठवडा घालवतात आणि नंतर कळतं की तो परिच्छेदच नको होता. बहुतेक पहिल्या कथांची सुरुवात दुसऱ्या पानावर असते. शेवट बहुधा शेवटच्या परिच्छेदाच्या आधीच झालेला असतो.

शुद्धलेखन संपादक बघतीलच ना?

बघतील, पण पहिल्याच पानावर सात चुका दिसल्या तर पुढं वाचतीलच असं नाही. सगळ्यात जास्त चुका सामान्यरूपात होतात. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘गरीब’, पण ‘गरिबाला’. ‘वकील’, पण ‘वकिलाकडे’. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी. दुसरं, ‘असे केले’ आणि ‘असं केलं’ यांची सरमिसळ. बोलण्याच्या ढंगाचं निवेदन हवं तर अनुस्वाराची रूपं शेवटपर्यंत ठेवा. एका पानावर ‘तिने’ आणि दुसऱ्यावर ‘तिनं’ हे निष्काळजीपणाचं लक्षण. बोलीतले संवाद मात्र कानाला ऐकू येतात तसे लिहा, फक्त एकाच शब्दाची दोन रूपं होऊ देऊ नका. त्यासाठी वहीच्या मागच्या पानावर यादी ठेवा.

गावातल्या खऱ्या माणसावर कथा लिहिली तर भांडण होईल?

नाव बदलून भागत नाही. गावात नावावरून नाही, खोडीवरून ओळखतात. धंदा बदला, वय दहा वर्षांनी सरकवा, भावंडांची संख्या बदला, घर खाडीपलीकडे न्या, आणि दोन माणसांचं मिळून एक पात्र करा. जमिनीचा दावा चालू असेल किंवा पालखीच्या मानाचा वाद पेटलेला असेल तर तो प्रसंग जसाच्या तसा नको, त्यातलं एखादं वाक्य किंवा हट्ट तेवढा घ्या. आजारपण आणि मुलीबाळींच्या गोष्टी विचारल्याशिवाय वापरू नयेत. कायद्यानं काय होईल ते नंतर, आधी त्याच आळीतून रोज जायचंय.

वाचायला पुस्तकं कुठं मिळतील? मुंबई-पुणे लांब आहे.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे. बहुतेक तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं आणि वर्गणी किरकोळ असते. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. ते उभारणाऱ्या कोकण मराठी साहित्य परिषदेच्या (स्थापना 1991) शाखा ठिकठिकाणी आहेत, तिथं कविसंमेलनं आणि कार्यशाळा होतात. नुसत्या टाळ्यांसाठी जाऊ नका, तुमची कथा कोरडेपणानं वाचेल असा एक माणूस तिथून शोधून आणा.

दिवाळी अंकाला कथा कधी आणि कशी पाठवायची?

1909 साली ‘मासिक मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सप्टेंबरात कथा पाठवणं. तोवर अंक भरलेला असतो. आवाहनं साधारण मे-जूनमध्ये येतात, मुदत जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते. म्हणजे खर्डा शिमग्यापर्यंत तयार हवा.

कथा अडीच ते चार हजार शब्दांची. युनिकोडमध्ये टाइप केलेली, अक्षर 14 आकाराचं, ओळींत दीडपट अंतर. वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ, म्हणजे जोडाक्षरं फुटली तरी मूळ काय होतं ते दिसतं. फाइलला ‘कथा फायनल नवीन 2’ असं नाव नको, कथेचं आणि तुमचं नाव द्या. सोबत चार ओळींचं पत्र: शीर्षक, शब्दसंख्या, स्वतंत्र आणि अप्रकाशित असल्याचं निवेदन, पत्ता-फोन. कथेचं सार आणि तिचा संदेश लिहू नका. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. मानधनाचं आधीच विचारलं तर कुणी रागावत नाही, पुष्कळ ठिकाणी ते नाममात्र असतं.

प्रकाशक पैसे मागतो. द्यावेत का?

देणारे देतात, पण आधी हिशेब समजून घ्या. डेमी आकाराच्या पानावर साधारण पावणेतीनशे-तीनशे शब्द बसतात, सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे पंचेचाळीस हजार शब्दांचं पुस्तक दहा फॉर्मचं, 160 पानांचं. किती प्रती, कागद कोणता, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घ्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, कुणी वेगळे पैसे मागत असेल तर सावध व्हा. भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः प्रकाशित करणाऱ्यालाही मिळतो.

करारात मुदत लिहून घ्या. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पाच वर्षं धरली जातात. ऑडिओबुक, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क एकाच ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊन टाकू नका.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते तेव्हा बघा आणि हस्तलिखिताची एक प्रत स्वतःकडे ठेवूनच पाठवा.

कथा कुणी चोरली तर?

लिहिल्या क्षणापासून ती तुमची, नोंदणी सक्तीची नाही. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. तारखेचा पुरावा म्हणून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. कल्पनेवर हक्क नसतो, लिहिलेल्या शब्दांवर असतो, त्यामुळे चहाच्या टपरीवर कथा सांगत बसण्याआधी ती लिहा.

पावसाळ्यात कागदाचं काय करता?

जेल पेनाची अक्षरं एका थेंबात पसरतात, बॉलपेन वापरा. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी भिंतीला टेकून ठेवायची नाही, चिऱ्याची भिंत ओल धरते आणि पुठ्ठ्याला बुरशी येते. लोखंडी कपाटापेक्षा चुलीच्या वरची फळी बरी. वीज जाणार हे धरून चालायचं, तेव्हा संगणकावर लिहीत असाल तर दर पानाला जतन करा. पहिल्या पावसाआधीच सगळ्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवले तर उत्तम.